पाठीवरचं साल

२०२३ च्या उन्हाळी सुटीत अम्मीला घेऊन मी न्यू जर्सीला भाईजानकडे गेले. भाभीचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं होतं, घरात बाईमाणूस हवं होतं. आमचे व्हिसे आधीच काढून ठेवलेले, त्यामुळे ते निभावलं. शाळेतल्या बायांनी निघताना बजावलं होतं की, तो मशालवाला पुतळा नीट बघून या. पुतळा बघितला. पण परत आल्यावर तिथलं काय आठवतं असं कोणी विचारलं, तर मला भाच्याच्या टेबलावरचा बुटाचा खोका आठवतो.

भाचा तेरा वर्षांचा. माझ्याशी उर्दू बोलायला सुरुवात करायचा आणि तिसऱ्या शब्दाला इंग्रजीवर जायचा. त्याचं बोलणं मी इथे मराठीत लिहिते आहे, त्याची लज्जत थोडी जाणारच. त्या खोक्यात बेसबॉलपटूंची कार्डं होती. अडीच इंच रुंद, साडेतीन इंच उंच. पुढे खेळाडूचं चित्र, मागे त्याची आकडेवारी. मी म्हटलं, आपल्याकडे मुलं कुस्तीगिरांची ट्रम्प कार्डं जमवायची, तुझ्या अब्बूंनीही जमवली होती आणि त्यापायी आमच्या अब्बांचा मारही खाल्ला होता. त्याने ऐकून घेतलं आणि मग शांतपणे सांगितलं, "फुप्पी, हे तसं नाही. याला मार्केट आहे."

त्या घरात मला फार काम नव्हतं. स्वयंपाक अम्मीने ताब्यात घेतला होता. सामानासाठी ओक ट्री रोडला गेलं की सगळीकडे आपलीच माणसं दिसायची, त्यामुळे परकं काही वाटायचं नाही. उरलेला वेळ मी भाच्याची शिष्य झाले.

टॉप्स ही तिथली जुनी कंपनी. मूळची ब्रुकलिनची, च्युइंगगम विकणारी. २००१ सालापासून ती 'हेरिटेज' नावाचा एक संच दरवर्षी काढते. खेळाडू आजचे, पण कार्डाचा साज जुना. पहिल्या वर्षी १९५२ च्या कार्डांचा साज घेतला, पुढच्या वर्षी १९५३ चा, असं करत २०२३ साली १९७४ चा आला. तीच चौकट, तशीच अक्षरं, तसाच जरा खरखरीत पुठ्ठा. नवं कोरं कार्ड हातात घ्यावं आणि ते कुणाच्या तरी आजोबांच्या कपाटातून निघालंय असं वाटावं. मला लगेच आपल्या लग्नपत्रिका आठवल्या. पूर्वी उर्दू पत्रिका कातिब लिहायचे. बोरू, शाई, एकेका नुक्त्याचं माप. आता कॉम्प्युटरवर 'इनपेज' उघडलं की नस्तालीक तयार. छापलेली पत्रिका कातिबाच्या हातची वाटते, पण कातिबाचं दुकान बंद होऊन किती वर्षं झाली हे भिवंडीत आता कोणाला आठवतही नसेल.

एक गोष्ट मात्र त्या पत्रिकेत नसते आणि या कार्डात असते. काही थोड्या कार्डांवर खेळाडूने स्वतः सही केलेली असते. खरी सही, खऱ्या पेनाने.

कार्डांवर सह्या येतात त्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक सोपी. कंपनी खेळाडूकडे पारदर्शक चिकटपट्ट्यांचे कागद पाठवते, तो घरी बसून शेकडो पट्ट्यांवर सह्या करतो आणि कंपनी नंतर त्या कार्डांवर चिकटवते. म्हणजे सही करताना कार्ड त्याने पाहिलेलंही नसतं. जमवणारे अशा कार्डाला नाक मुरडतात. दुसरी तऱ्हा थेट कार्डावरच्या सहीची. हेरिटेजमधल्या 'रियल वन' सह्या या दुसऱ्या प्रकारच्या, निळ्या शाईतल्या. त्यातही काही मोजकी कार्डं लाल शाईतली असतात आणि ज्या सालाचा साज, तितकीच ती काढतात. २०२३ च्या संचात एकेका खेळाडूची लाल सहीची चौऱ्याहत्तर. प्रत्येकावर क्रमांक घातलेला. निळ्यापेक्षा लाल सहीचा भाव जास्त. मी हसले. आमच्या पेशात लाल शाईला कोणी जास्त पैसे देत नाही.

पण मला खरी गोडी लागली ती म्हाताऱ्यांच्या सह्यांची. 'रियल वन'मध्ये आजच्या खेळाडूंबरोबर त्या जुन्या सालच्या संचातले, अजून हयात असलेले काही खेळाडूही सह्या करतात. १९७४ साली पंचविशीत असलेला माणूस २०२३ मध्ये पंच्याहत्तरीला टेकलेला. कार्डावरचा फोटो काळ्याभोर कल्ल्यांचा, आणि त्याखालची सही थरथरत्या हाताची. भाचा इंटरनेटवर अशी कार्डं दाखवायचा आणि मी फोटो सोडून सही बघत बसायची. एवढी वर्षं वह्या तपासल्यावर एवढं कळतं की हात कुठे थांबला, पेन कुठे उचललं, कुठलं अक्षर लिहिताना माणूस दमला.

सगळ्यांच्या सह्या मात्र मिळत नाहीत. १९७४ च्या संचात पहिल्या क्रमांकाचं कार्ड हँक एरनचं होतं. बेब रूथचा होमरनचा विक्रम त्याने ८ एप्रिल १९७४ ला मोडला, पण टॉप्सने तो मोडणारच या भरवशावर आधीच कार्ड छापून टाकलं होतं. 'नवा सम्राट' असा मथळा घालून! तोच साज २०२३ मध्ये परत आला तेव्हा एरन नव्हता. जानेवारी २०२१ मध्ये तो वारला. हा संच त्याच्यापर्यंत पोचायला दोन वर्षं उशीर झाला.

त्याच १९७४ च्या संचातली एक गंमत सांगते. सॅन डिएगोचा संघ वॉशिंग्टनला जाणार अशी हवा होती, म्हणून काही कार्डांवर संघाचं नाव वॉशिंग्टन छापलं गेलं. संघ कुठेच गेला नाही. कंपनीने पुढच्या छपाईत दुरुस्ती केली. आता चुकलेल्या कार्डाला बरोबर कार्डापेक्षा जास्त किंमत आहे. हे ऐकल्यावर भाच्याला म्हटलं, हे आमच्या पोरांना सांगू नकोस बाबा, उद्या पेपरात चुकीच्या उत्तराला जास्त मार्क मागतील.

किंमत हा शब्द त्या घरात दिवसातून पन्नास वेळा ऐकू यायचा. पूर्वी म्हणे बेकेट नावाचं भावाचं मासिक निघायचं आणि त्यातला आकडा प्रमाण मानायचे. आता लिलावाच्या संकेतस्थळावर तसलंच कार्ड परवा खरोखर कितीला गेलं ते बघतात. मागणारा वाटेल ते मागतो, खरा भाव विकलेल्या मालाचा. भाच्याने त्याची वही केली होती. तारीख, कार्ड, विक्रीची किंमत. शाळेच्या वहीत तो समास सोडत नाही म्हणून भाभी ओरडायची, या वहीत मात्र तीन रंगांत समास आखलेले. त्या वहीत मी एक गोष्ट पाहिली. पहिल्याच हंगामात चमकलेल्या पोराच्या सहीचे शेकड्याने डॉलर, आणि पन्नास वर्षांपूर्वी चार हंगाम खेळून विस्मरणात गेलेल्या म्हाताऱ्याच्या सहीचे वीस, पंचवीस. सही तीच, शाई तीच, कंपनीही तीच. मी भाच्याला विचारलं, असं का? तो म्हणाला, "पोरगा अजून काहीही होऊ शकतो ना. म्हाताऱ्याचं जे व्हायचं ते होऊन गेलंय." तेरा वर्षांच्या पोराच्या तोंडून हे ऐकून अम्मीने तसबीह फिरवता फिरवता वर पाहिलं.

कार्डांना गुणही देतात. तिथे कंपन्या आहेत, सगळ्यांत नावाजलेली १९९१ मध्ये निघाली. कार्ड त्यांच्याकडे पाठवायचं, फी भरायची, ते कोपरे, कडा, पृष्ठभाग, चित्र मधोमध आहे की नाही, असं सगळं तपासून एक ते दहात गुण देतात आणि जाड प्लास्टिकच्या पेटीत कायमचं बंद करून परत पाठवतात. नऊ आणि दहामधला फरक साध्या डोळ्यांना दिसत नाही, पण भाव कित्येक पटींनी बदलतो. बी.एड.ला आम्हाला मूल्यमापनाचा पेपर होता. सप्रमाणता, विश्वसनीयता, एकच उत्तरपत्रिका दोन परीक्षकांना दिली तर गुण सारखे पडतात का वगैरे. भाच्याने सांगितलं की लोक पेटी फोडून तेच कार्ड पुन्हा पाठवतात, कधी गुण वाढून येतात. मला आमचे प्राध्यापक आठवले. पुनर्मूल्यांकनाच्या नावाने ते कपाळाला हात लावायचे.

या सगळ्या वेडाचं मूळ एका कार्डात आहे. १९५२ चा टॉप्सचा संच, चारशे सात कार्डांचा. साय बर्जर नावाच्या कर्मचाऱ्याने सहकाऱ्याबरोबर ब्रुकलिनच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याची आखणी केली. त्यातला शेवटचा टप्पा हंगाम संपत आल्यावर बाजारात आला आणि पडून राहिला. कित्येक वर्षं गोदामात धूळ खात होता. १९६० च्या सुमाराला जागा हवी म्हणून बर्जरने ती खोकी एका बार्जवर लादली आणि न्यू जर्सीच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रात ओतून टाकली. ही हकिगत त्याने स्वतःच पुढे अनेकांना सांगितली. त्या बुडवलेल्या मालात क्रमांक ३११ होता, मिकी मँटल. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच ३११ क्रमांकाचं एक उत्तम राहिलेलं कार्ड लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, तेव्हाच्या दराने शंभर कोटी रुपयांच्या घरात. त्या वेळी तो विक्रम होता. त्यावर सहीदेखील नव्हती.

भाईजानच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहायचे. त्यांच्या तळघरात १९८८ ते १९९१ च्या कार्डांची न फोडलेली खोकी छतापर्यंत रचलेली होती. मुलांच्या कॉलेजला उपयोगी पडतील म्हणून त्यांनी तेव्हा घेतली. पण तेव्हा सगळ्या देशाने हाच विचार केला आणि कंपन्यांनी हवी तेवढी छापून दिली. आता त्या खोक्यांना रद्दीपेक्षा थोडाच जास्त भाव येतो. मुलं कर्ज काढून शिकली. ते हे सगळं हसत सांगायचे. मला वाटतं, त्यांनी ते खूप वेळा हसत सांगितलं असावं.

अम्मीला या व्यवहारातली एकच गोष्ट खटकली. नवीन हेरिटेजचा खोका शंभरावर डॉलरचा. आत चोवीस पाकिटं, आणि सगळ्या खोक्यात मिळून सहीचं एखादं कार्ड, किंवा त्याऐवजी खेळाडूच्या सदऱ्याचा चिंधीएवढा तुकडा बसवलेलं कार्ड. सही कोणाची निघेल ते अल्लाह जाणे. अम्मी म्हणाली, "ये तो जुआ हुआ ना बेटा?" भाईजान म्हणाला, पैशांच्या बदल्यात कार्डं तर हातात पडतातच ना. अम्मी म्हणाली, मग पाकीट उघडताना याचे हात का थरथरतात? भाईजानकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं, कारण आमच्या शाळेच्या फाटकासमोर लकी ड्रॉची पुडी विकणाऱ्याला हुसकावून मला दोनच वर्षं झाली होती. त्यानंतर भाच्याने खोके घेणं बंद केलं आणि सुटी कार्डं घ्यायला लागला. अम्मीला वाटलं, आपलं ऐकलं. खरं कारण नंतर कळलं, त्याचे पैसे संपले होते.

एका रात्री भाभी झोपल्यावर तो माझ्याकडे आला. हातात प्लास्टिकच्या कव्हरात एक कार्ड. १९५२ चा साज, निळ्या आभाळाखाली तरुण मिकी मँटल, हातात पिवळसर बॅट, आणि खाली निळ्या शाईत सही. मार्च महिन्यात कार्डांच्या बाजारात एका टेबलावरून त्याने ते एकशे चाळीस डॉलरला घेतलं होतं. म्हणजे आपले साडेअकरा हजार. गेल्या दोन ईदची ईदी आणि हिवाळ्यात शेजाऱ्यांच्या दारातलं बर्फ उपसून मिळालेले पैसे. भाईजानला पत्ता नव्हता. मूळ कार्ड नाही, नंतरची प्रत आहे, एवढं त्याला माहीत होतं. पण सही तर सही आहे. मँटलची खरी सही अशा प्रतीवर असली तरी काही शे डॉलर येतात, हे त्याच्या वहीत होतं. येत्या रविवारच्या बाजारात तो ते तीनशेला काढणार होता.

"फुप्पी, तू रोज सह्या बघतेस. ही खरी आहे ना?"

सही सुंदर होती. दोन्ही 'एम'चे गोल वळसे सफाईदार. मला त्यातलं काही कळत नव्हतं हे कबूल करते. मी सवयीने कार्ड उलटं केलं. उत्तरपत्रिका हातात आली की मी आधी मागची बाजू बघते. पाठीवर तळाशी, भिंगाशिवाय दिसणार नाहीत अशा अक्षरांत कंपनीच्या नावापुढे साल होतं, १९९६.

"हा वारला कधी?" मी विचारलं.

त्याला पाठ होतं. १३ ऑगस्ट १९९५. तारीख सांगून झाली आणि तो गप्प बसला. मग कार्ड माझ्या हातातून घेऊन दिव्याखाली नेलं. मँटल गेल्यावर टॉप्सने १९९६ मध्ये त्याच्या आठवणीसाठी त्याच्या जुन्या कार्डांच्या प्रती काढल्या होत्या. हे त्यातलं. मेलेल्या माणसाने सही कशी केली?

त्या देशात हा धंदा जुना आहे. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात खोट्या सह्यांची एक टोळी होती. एफबीआयने तिच्यामागे 'ऑपरेशन बुलपेन' लावलं आणि १९९९ मध्ये छापे घातले. मालात मँटल होता, बेब रूथ होता, आणि मदर तेरेसांची सही केलेले बेसबॉलचे चेंडूदेखील होते. हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा हसू येईल असं वाटलं होतं. तो हसला नाही.

"पण हे कोणाला कळणार नाही," तो म्हणाला. "मलाही कुठे कळलं होतं?"

मी त्याला काहीतरी बोलायला हवं होतं. शिक्षिका आहे, बोलण्याचाच पगार घेते. पण जीभ उचलली नाही, आणि त्याचं कारण भाच्याला माहीत नव्हतं.

चार वर्षांपूर्वी, २०१९ च्या दिवाळीआधी, माझ्या आठवीच्या वर्गात एका मुलाचं प्रगतिपुस्तक सही होऊन आलं. पालकांच्या रकान्यात उर्दूत देखणी सही. इतकी देखणी की मी थांबले. तो मुलगा माझा सुलेखनातला पहिल्या नंबरचा. मी दप्तरातून त्याचा प्रवेशअर्ज काढला. बापाच्या सहीच्या जागी अंगठा होता. म्हणजे हस्ताक्षराने नाही, कागदाने चोरी पकडली. मला फार हुशार वाटलं. मी त्याला वर्गात उभं केलं, अर्ज आणि प्रगतिपुस्तक दोन्ही हातात धरून सगळ्यांना दाखवलं, आणि विचारलं की तुझे अब्बा एका उन्हाळ्यात लिहायला शिकले का? वर्ग हसला.

दुसऱ्या दिवशी त्याचा बाप शाळेत आला. लूमवरून थेट, केसांत कापसाचे तंतू. मुख्याध्यापकांकडे न जाता माझ्याकडेच आला. म्हणाला, "बाई, मीच सांगितलं होतं त्याला. अंगठा बघून पोरं चिडवतात, म्हणून म्हटलं तूच माझ्या नावाने लिही. मार्क मला वाचून दाखवले होते त्याने, सगळे." त्याने गुण तोंडपाठ म्हणून दाखवले. गणितात एकेचाळीस, उर्दूत अठ्ठ्याऐंशी. एकही चुकला नाही.

मुलगा पुढे वर्गात बसला, पण माझ्याकडे कधी बघितलं नाही. मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं. शाळा उघडल्या तेव्हा तो आला नाही. लूमवर लागला असं कळलं. लॉकडाऊनने अनेक मुलं गेली, तोही त्यातलाच, असं सहकारी म्हणतात. असेलही.

तर भाच्यापुढे मी गप्प बसले. एवढंच म्हटलं, रविवारी मीही येते तुझ्याबरोबर.

बाजार म्हणजे एका हॉलमध्ये मांडलेली शंभरेक टेबलं. काचेच्या पेट्या, खोक्यांमध्ये उभी लावलेली कार्डं, त्यांच्यावरून बोटं फिरवणारे जाडजूड पुरुष आणि त्यांच्या हाताला धरून आलेली मुलं. एका टेबलावर पाटी, कुठलंही कार्ड एक डॉलर. भाच्याचं स्वतःचं टेबल नव्हतं. तिथे मुलं पाठीवर पिशवी घेऊन फिरतात आणि एकमेकांना माल दाखवतात. ज्याच्याकडून मँटल घेतला तो टेबलवाला दिसला नाही. भाच्याने दोन फेऱ्या मारून खात्री केली.

मग एक मुलगा भेटला. दहाएक वर्षांचा, निळी टोपी, मागे बाप. मुलाची नजर मँटलवर गेली आणि तिथेच राहिली. "कितीला?" भाचा म्हणाला, "दोनशे." तीनशेचे दोनशे झाले होते, हे मी ऐकलं. मुलाने बापाकडे पाहिलं. बापाने खिशाला हात घातला, बाहेर काढला नाही, नुसता घातला. भाच्याने माझ्याकडे बघितलं. मी शेजारच्या टेबलावरची कार्डं बघू लागले. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी तो काय करेल हे मला माहीत नव्हतं, आणि त्याने विकलं असतं तर मी काय केलं असतं हेही मला माहीत नाही.

मागून त्याचा आवाज आला. तो त्या मुलाला कार्ड उलटं करून दाखवत होता. "इथे बघ. ९६. आणि हा गेला ९५ मध्ये." मुलाला आधी कळेना. भाच्याने पुन्हा समजावलं, हळू, बोट ठेवून. बाप मोठ्याने हसला. म्हणाला, पाच डॉलर देतो, माझ्या ऑफिसात भिंतीवर लावायला गंमत म्हणून. खोट्या सहीलाही त्या हॉलमध्ये भाव होता. भाच्याने नको म्हटलं आणि कार्ड पिशवीत टाकलं. परत येताना गाडीत तो खिडकीला डोकं लावून बसला होता. भाईजानला वाटलं, दमला.

बाहेर पडण्याआधी मात्र त्याने डॉलरच्या खोक्यातून एक कार्ड घेतलं होतं. नव्यावर जुना साज चढवलेलं नव्हे, खरंखुरं १९७४ चं, कोपरे झिजलेलं. कुठल्याशा पिचरचं, ज्याचं नाव शेजारच्या आजोबांनाही दोन मिनिटं डोकं खाजवल्यावर आठवलं. त्यांनीच सांगितलं की असे बरेच जुने खेळाडू टपालाने आलेल्या कार्डावर सही करून देतात. पत्र लिहायचं, कार्ड घालायचं, आणि आपला पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं दुसरं पाकीट आत ठेवायचं. कोणी देतात, कोणी देत नाहीत, कोणाची मुलं लिहितात की अब्बा आता राहिले नाहीत.

पत्र मी त्याच्याकडून हाताने लिहून घेतलं. पहिल्या खर्ड्यात फक्त 'सही करून पाठवा' एवढंच होतं. मी परत दिलं. दुसऱ्यात व्याकरण बरं होतं, पण अक्षर असं की म्हाताऱ्या माणसाला भिंग लागावं. आजोबांनी त्यावर हार्मन किलब्रूची गोष्ट सांगितली. हाही त्या १९७४ च्या संचातला, मोठा फलंदाज, २०११ मध्ये वारला. तरुण खेळाडूंनी गिचमिड सही केलेली त्याला खपत नसे. लोकांना तुमचं नाव वाचता आलं पाहिजे, म्हणून तो त्यांना समोर बसवून नीट सही करायला लावायचा. हा माणूस मला माझ्या स्टाफरूममधला वाटला. तिसऱ्या खर्ड्यात भाच्याने लिहिलं की तुमच्या कार्डाच्या पाठीवर तुम्ही १९७३ मध्ये किती सामने जिंकलात ते मी वाचलं, आणि माझं वय तेरा आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात ते पत्र आम्ही पोस्टात टाकलं. त्यानंतर आठवड्याभरात अम्मी आणि मी परत आलो. शाळा सुरू झाली.

सप्टेंबरमध्ये, पहिल्या चाचणीचे पेपर तपासत बसले होते तेव्हा भाच्याचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. झिजलेल्या कोपऱ्यांचं ते कार्ड, आणि तरुण पिचरच्या छातीवर निळ्या शाईत नाव. पूर्ण नाव, प्रत्येक अक्षर सुटं, वाचता येणारं. आडनावाच्या मधोमध पेन उचललेलं होतं आणि पुन्हा टेकताना रेघ किंचित खाली गेली होती. सोबत पत्र नव्हतं. पण भाच्याच्या पत्राच्याच तळाशी त्याने दोन शब्द खरडून परत पाठवले होते, 'चांगलं अक्षर'.

भाच्याने खाली लिहिलं होतं की अशी सही शेवटची चार डॉलरला गेली आहे, प्लास्टिकच्या पेटीत बंद करायची फी त्याच्या कितीतरी पट होईल, म्हणून तो पाठवणार नाही. कार्ड त्याने वहीत ठेवलंय. त्याच पानावर समोर मँटल आहे, कव्हरावर मार्करने १९९६ लिहून. मग एक ओळ मोकळी आणि खाली, "फुप्पी, ही खरी आहे ना?"

मी लिहिलं, "त्यांना शुक्रिया लिहिलंस का?"

बराच वेळ टाइप करत असल्याचं दिसत राहिलं. मग उत्तर आलं, "अजून नाही."

"मग आधी ते लिही," मी म्हटलं, आणि पुढचा पेपर घेतला.